‘निर्णय नाही’ म्हणजे अपूर्ण काम नव्हे : कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या गेल्या बैठकीचे इतिवृत्त वाचले. हस्तलिखित व पाठसंपादन विभाग भाषा संकुलात विलीन करावा, तिथली रिकामी असलेली दोन्ही पदे भरू नयेत, विभागाची खोली परीक्षा विभागाला द्यावी आणि पोथ्यांतल्या शब्दांचे फरक नोंदवलेल्या कार्डांची कपाटे ‘सोयीच्या ठिकाणी’ हलवावीत, असा ठराव झाला आहे. कारण एका ओळीत दिले आहे : मूल्यमापनाच्या काळात विभागाकडून ‘अपेक्षित संशोधन-निष्पत्ती’ झाली नाही. त्याच बैठकीत विद्यापीठाचा उत्कृष्ट संशोधक पुरस्कार सुरू करायचे ठरले आणि त्याचे निकषही मंजूर झाले. प्रसिद्ध निबंधांची संख्या, त्या निबंधांचे इतरांनी घेतलेले संदर्भ, मिळवलेला निधी आणि हाताखाली झालेल्या पीएच.डी., असे चार रकाने आहेत.

हे दोन ठराव एकाच दिवशी झाले यात मला योगायोग दिसत नाही. विद्वान कुणाला म्हणायचे याबद्दलची एकच समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. ती समजूत मला मान्य नाही, आणि ती गप्प बसून मान्य करणे तर अजिबात जमणार नाही. म्हणून हे पत्र आपल्या कार्यालयात दिले, तसे लोकांपुढेही ठेवते आहे. जाहीर प्रतीत विद्यापीठाचे नाव घातलेले नाही. दुसऱ्या विद्यापीठांतले सहकारी भेटतात तेव्हा त्यांच्या तोंडूनही हेच ऐकू येते, आणि एका संस्थेला उणे दाखवणे हा माझा हेतू नाही.

माझा संबंध सांगते. मी याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. एम.ए. झाल्यावर या विभागात प्रकल्प सहायक म्हणून लागले, पीएच.डी. तिथेच झाले, आणि आता एका संलग्न महाविद्यालयात मराठी शिकवते. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत आजही त्या खोलीत जाऊन बसते. विभाग ज्यांनी उभा केला ते सर आता हयात नाहीत. त्यांच्या जागी कुणाचीही नेमणूक झाली नाही, आणि जागा रिकामी ठेवून नंतर त्याच विभागाला काम का झाले नाही असे विचारले गेले, हे पहिल्यांदा नोंदवून ठेवते.

त्या खोलीत चालते ते काम काय असते, हे ठरावाला हात वर करणाऱ्या सर्वांनी जवळून पाहिले असेल असे मला वाटत नाही. म्हणून एकच उदाहरण सांगते, जरा सविस्तर.

एका अभंगाच्या पाच हस्तलिखित प्रती आमच्याकडे होत्या. त्या ताडून मूळ शब्द कोणता ते ठरवायचे होते; प्रतीत शब्दाचे जे रूप सापडते त्याला आम्ही ‘पाठ’ म्हणतो. चौकटी आखलेल्या मोठ्या कागदावर वरच्या ओळीत एका प्रतीतले अक्षर न् अक्षर एकेका घरात लिहायचे, आणि बाकीच्या प्रतींत जिथे फरक असेल तिथे त्या घराखाली तेवढेच अक्षर नोंदवायचे, अशी पद्धत. एका चरणात तीन प्रतींमध्ये ‘धरीं’ होते आणि दोन प्रतींमध्ये ‘घरीं’. ‘ध’ लिहिताना शिरोरेघ तोडायची असते. लिहिणाऱ्याने घाईत ती पुढे ओढली की ‘ध’चा ‘घ’ झालाच. अर्थ मात्र पार बदलतो. एका पाठात देवाला मनात धरून ठेवायचे आहे, दुसऱ्यात तो घरी आलेलाच आहे. तीन विरुद्ध दोन, तेव्हा ‘धरीं’ घ्यावे असे कुणालाही वाटेल. सरांनी मते मोजली नाहीत. त्यांनी विचारले, या तीन प्रती एकमेकींच्या कोण लागतात? मग त्या तिन्ही प्रती पहिल्या पानापासून पुन्हा लावल्या. पुढच्या एका अभंगात तिघींतही नेमकी तीच ओळ गळलेली सापडली. तीन वेगवेगळ्या लेखकांच्या हातून अगदी तीच ओळ आपापली गळणे अवघड. म्हणजे तिघीही कुठल्यातरी एकाच प्रतीवरून उतरलेल्या. तीन साक्षीदार वाटत होते, ते मुळात एकच निघाले. आता पारडे ‘घरीं’कडे झुकले. पण त्या दोन प्रतींपैकी एकीचा लेखक कठीण शब्द सोपे करून लिहिणारा आहे, हे इतर पानांवरून दिसत होते, म्हणून तिच्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येईना. शेवटी सरांनी कार्ड केले. दोन्ही पाठ, कोणता कोणत्या प्रतीत, प्रत्येकाच्या बाजूने काय आणि विरुद्ध काय, आणि खाली शाईने : ‘निर्णय नाही. नवी प्रत मिळेपर्यंत थांबावे.’ तारीख, आद्याक्षरे.

‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती घडली की नाही हा इतिहासकारांचा वाद आहे. पण एका अक्षराने माणूस जिवानिशी जाऊ शकतो, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. असे असताना एका अक्षरासाठी थांबणारा माणूस आपल्याला रिकामटेकडा का वाटू लागला?

आपण नेमलेल्या मूल्यमापन समितीने त्या कपाटांतली कार्डे पाहिली, आणि ज्यांवर ‘निर्णय नाही’ असा शेरा होता ती सगळी ‘अपूर्ण’ या रकान्यात घातली. माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे. ते कार्ड अपूर्ण नाही, ते पुरे झालेले आहे. जेवढे सांगता येते तेवढे सगळे त्याच्यावर आहे आणि जे सांगता येत नाही ते सांगण्याचे टाळले आहे. उद्या सहावी प्रत सापडली तर कुणीही नवखा विद्यार्थी ते कार्ड हाती घेऊन अर्ध्या तासात पुढचे पाऊल टाकू शकेल. याउलट सरांनी ‘धरीं’ असे ठोकून दिले असते, त्यावर दोन निबंध छापून आणले असते, तर ते आपल्या हिशेबात ‘पूर्ण’ ठरले असते, आणि पुढच्या माणसाला तिथे प्रश्न होता हेसुद्धा कळले नसते. खरेपणाने केलेले काम ज्या मोजणीत कमी भरते, त्या मोजणीतच खोट आहे.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलकार एक श्लोक लिहीत : ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥’ जसे पुढ्यात होते तसे उतरवले. शुद्ध असो की अशुद्ध, दोष माझा नाही. नकलकाराने असे म्हणणे योग्यच होते. त्याच्या बोटांनी आपले वाङ्मय टिकवले आणि त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण विद्वानाला हा श्लोक लिहिता येत नाही. त्याच्या प्रत्येक वाक्याचा दोष त्याच्या माथी असतो. तुम्ही हे कशावरून म्हणता, असे कुणी कधीही विचारले तरी उत्तर देण्याची त्याची तयारी असते, आणि उत्तर चुकले असेल तर तसे छापून सांगण्याचीही. माझ्या मते विद्वत्तेची परीक्षा एवढीच आहे. पाठांतर, भाषांची संख्या, पदव्या, व्यासपीठावरचे भाषण यांतले काहीही असले तर चांगलेच, पण ही जबाबदारी घेण्याची तयारी नसेल तर ते सगळे असूनही माणसाला फार तर बहुश्रुत म्हणता येईल.

एकनाथांना आपण संत म्हणून ओळखतो. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि तसे स्वच्छ लिहून ठेवले : ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध। परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध। तो शोधूनियां एवंविध। प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी॥’ लगेच पुढे बजावले की या पाठात जो स्वतःची ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे. भागवतावर एवढी मोठी टीका लिहिणाऱ्या कवीला आपली ओवी घालायचा मोह होऊ नये आणि दुसऱ्याचा शब्द त्याच्या मूळ रूपात लोकांना मिळावा म्हणून त्याने मेहनत घ्यावी, ही मराठीतली पाठसंपादनाची परंपरा आहे. चारशे वर्षांहून जुनी. तिला आपण ‘निष्पत्ती नाही’ म्हणून खोलीबाहेर काढायला निघालो आहोत.

आता मोजणीविषयी. गुणांचा तक्ता आपण तयार केलेला नाही, तो विद्यापीठ अनुदान आयोगाचा आहे, हे मला माहीत आहे. २०१० पासून अध्यापकांचे काम गुणांकात मांडायची पद्धत आली, आणि २०१८ च्या नियमावलीच्या परिशिष्टात संशोधनाचा तक्ता आहे. मानव्यविद्यांत मान्य नियतकालिकातल्या एका निबंधाला १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाने छापलेल्या अख्ख्या ग्रंथालाही १० गुण. ग्रंथाचे संपादन केले तर ८, अनुवाद केला तर ८. हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीला, पाठभेदांच्या नोंदींना, शब्दसूचीला तिथे वेगळी ओळच नाही.

हा तक्ता हातात घेऊन भारतरत्न पां. वा. काणे यांच्याकडे पाहावे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा १९६२ साली पुरा झाला, तेव्हा त्यांचे वय ८२ होते. सहा हजारांवर पाने. एकेका खंडाला १० गुण, म्हणजे दहा-बारा पानांच्या एका निबंधाइतके. पोट भरायला ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते. आणि मला त्यांची सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही की सन्मान मिळून गेल्यावर ते थांबले नाहीत. पहिला खंड त्यांनी पुन्हा हाती घेतला, दुरुस्त केला, वाढवला, आणि त्याचा सुधारलेला भाग १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. ८८ वर्षांचा माणूस ३८ वर्षांपूर्वी छापलेले स्वतःचे पुस्तक दुरुस्त करायला बसतो. आपल्या चार रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात हे बसते?

पुण्याच्या भांडारकर संस्थेतले महाभारताच्या प्रती ताडून संहिता ठरवण्याचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये संपले. १२५९ हस्तलिखिते, १९ खंड. वि. सू. सुकथनकर १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक होते. संहिता कशी ठरवायची याची रीत त्यांनी घालून दिली आणि १९४३ मध्ये ते गेले. उरलेले काम दुसऱ्यांनी त्याच रीतीने तडीस नेले. डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोशाचा प्रकल्प १९४८ चा, पहिला खंड छापून आला १९७६ मध्ये. मधल्या २८ वर्षांत लाखो चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, लावल्या गेल्या, पुन्हा तपासल्या गेल्या. पाच वर्षांच्या मूल्यमापनाची कात्री त्या काळात असती तर या दोन्ही कामांवर आपल्यासारखाच ठराव झाला असता, आणि आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात महाभारत उघडणारा माणूस पुण्यात ठरवलेली संहिता हाती घेतो, तो घेऊ शकला नसता.

केवळ संख्या मोजल्या की काय होते हेही आपण पाहिले आहे. मे २०१८ मध्ये आयोगाने स्वतःच्याच मान्य यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके काढून टाकली. मग नवी यादी केली, आणि तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. याद्या बदलल्या, पण पैसे भरून आठवड्यात निबंध छापून देणाऱ्यांचे संदेश आजही माझ्या फोनवर येतात. माझ्या वर्गातली हुशार मुले मला विचारतात, मॅडम, किती पेपर लागतात? कोणता प्रश्न घ्यावा असे विचारणारे वर्षाकाठी एखादे भेटते. याचा दोष मी त्या मुलांना देत नाही. आम्ही जे मोजतो तेच ती शिकतात. वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा १० टक्क्यांच्या आत आला की प्रबंध निर्दोष समजला जातो. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत उचलला तर तो आकड्यात दिसतोच असे नाही. तो दिसायला प्रबंध वाचावा लागतो, आणि ज्या विषयावर तो आहे त्या विषयातले बाकीचेही वाचलेले असावे लागते.

यापुढची तक्रार माणसांबद्दल आहे. विभागात मोडी शिकवायला एक आजोबा यायचे. महसूल खात्यातून निवृत्त झालेले. जमिनीच्या वादाचे कागद घेऊन लोक लांबून त्यांच्याकडे येतात. मोडीत अक्षरे एकमेकांत गुंतलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा आधार नाही. तो गुंता ते सलग वाचत जातात, आणि एखादा शब्द लागला नाही तर तिथे बोट ठेवून म्हणतात, हे मला लागत नाही, दुसऱ्या कुणाला दाखवा. गेल्या वर्षी त्यांचे मानधन थांबले. नेट-सेट नाही, पदव्युत्तर पदवी नाही, तेव्हा ‘विषयतज्ज्ञ’ या व्याख्येत बसत नाहीत असे पत्र विभागाला आले. मोडीचा वर्ग तेव्हापासून बंद आहे. पुराभिलेखागारांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडून आहेत, आणि ते वाचता येणारा माणूस आम्ही कागदपत्राअभावी घरी बसवला.

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या विद्वत्तेचा अर्धा इतिहास अशा माणसांचा आहे. सारस्वत कुटुंबात गोव्यातल्या साखवाळला जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींच्या गाठीशी फारसे शालेय शिक्षण नव्हते. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा म्हणून त्यांनी १८९९ मध्ये घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ करत ते सिंहलद्वीपाला पोचले, पाली शिकले, ब्रह्मदेशात राहिले, आणि पुढे विसुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना हार्वर्डला बोलावणे आले. ते काम आधी हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केले होते. वॉरन १८९९ मध्ये वारले. कोसंबी १९४७ मध्ये सेवाग्रामला वारले. ग्रंथ छापून आला १९५० मध्ये, दोघांच्या नावांनी. दोघांपैकी एकानेही तो छापील रूपात पाहिला नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षकी पेशातले. १८९६ मध्ये त्यांचा भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत प्रसिद्ध झाला आणि त्या विषयात काम करणाऱ्याला आजही त्यांच्यापर्यंत जावेच लागते. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील चाळिशीत पाणिनीचे व्याकरण शिकायला बडोद्याला गेले, ज्या ग्रंथांशी भांडायचे ते मुळातून वाचल्याशिवाय भांडणार नाही म्हणून. रा. चिं. ढेरे यांचे दैवतांवरचे संशोधन कुठल्या विद्यापीठाच्या पगारी खुर्चीत बसून झाले नाही. आपल्या निकषांवर आज यांच्यातल्या किती जणांना विभागाच्या दारातून आत घेतले असते?

आणि दार कुणासाठी बंद ठेवायचे याचा आपला इतिहास फार अभिमानाचा नाही, हे इथे बोलायलाच हवे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले तर समाजाने त्यांना धारेवर धरले. त्यांच्या मुलीला, रमाबाईंना, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन ‘सरस्वती’ ही पदवी दिली. परीक्षा घेतली, उत्तरे ऐकली आणि मग मान दिला. एरवी सोवळे पाळणाऱ्या त्या पंडितांनी जे केले ते आमच्या समितीला का करता येऊ नये? आजोबांपुढे एक न वाचलेला कागद ठेवावा आणि ते काय करतात ते पाहावे. पूर्वी जन्म पाहून दार लावले जात असे, आता प्रमाणपत्र पाहून लावले जाते. ज्याला येते त्याला आत येऊ द्यायचे नाही, ही गोष्ट दोन्हींत सारखीच.

तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांची परिस्थिती आपल्याला माझ्याइतकीच ठाऊक आहे. तासाला पैसे मिळतात, सुट्टीत काहीच मिळत नाही, पुढच्या जूनमध्ये जागा असेल की नाही याचा भरवसा नसतो. व्यासंगाला लागते ती स्वस्थता. ती त्यांच्याकडून काढून घ्यायची आणि पुन्हा त्यांनाच संशोधनाचे गुण विचारायचे, हे अन्यायाचे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या प्रवेशद्वारावर फलक लागला, दीपप्रज्वलन झाले, मीही मुलांना घेऊन आले होते आणि मला मनापासून आनंद झाला होता. भाषेचे अभिजातपण ज्यावरून सिद्ध होते ते जुने ग्रंथ हस्तलिखितांत आहेत. ती हस्तलिखिते वाचणारा, ताडून पाहणारा विभाग आपण बंद करतो आहोत. अभिजात दर्जाचा निधी येईल तेव्हा तो खर्च कुठे करणार? चर्चासत्रांवर? वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, गावोगाव हिंडून, लोकांच्या वाड्यांतून दफ्तरे मागून आणून, आणि ते सगळे त्यांनी हट्टाने मराठीत केले. आज मराठीत लिहिलेला संशोधनपर लेख घेऊन गेले तर पहिला प्रश्न येतो, इंग्रजीत नाही का?

शेवटची तक्रार कपाटांची. ‘सोयीची जागा’ म्हणजे ग्रंथालयाचे तळघर, असे शिपायांकडून कळले. त्या तळघरात पावसाळ्यात भिंतीला ओल येते. मागे तिथे ठेवलेल्या गॅझेटांच्या पुड्यांना वाळवी लागलेली मी स्वतः पाहिली आहे. कार्डांची दुसरी प्रत कुठेही नाही. पोथ्यांच्या मूळ प्रती ज्यांच्या घरच्या होत्या, त्यांपैकी काहींनी त्या परत नेल्या, काही घरे विकली गेली. कित्येक पोथ्यांत काय होते याचा आता एकमेव पुरावा म्हणजे ती कार्डे आहेत.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

कपाटे हलवण्याचे काम ताबडतोब थांबवावे. आधी प्रत्येक कार्डाची छायाप्रत संगणकावर घ्यावी. एखाद्या स्वच्छ खोलीत स्कॅनर आणि दोन विद्यार्थी बसवले तर होणारे हे काम आहे, आणि मी व माझे काही सहकारी सुट्टीत विनामोबदला येऊन कार्डांचा क्रम लावून द्यायला तयार आहोत. छायाप्रती कुलूपबंद न ठेवता कुणालाही पाहता येतील अशा खुल्या ठेवाव्यात.

विभाग विलीन करण्याचा ठराव मागे घ्यावा आणि दोन्ही पदे भरावीत. जाहिरातीत हस्तलिखिते वाचता येण्याची अट असावी आणि मुलाखतीला प्रत्यक्ष पोथी पुढे ठेवावी.

मूल्यमापनाच्या अहवालातला ‘अपूर्ण’ हा रकाना दुरुस्त करावा. ज्या कार्डावर कारणांसहित ‘निर्णय नाही’ असे लिहिले आहे ते पूर्ण झालेले काम म्हणून नोंदवावे. हे मी हट्टाने मागते आहे, कारण हा अहवाल उद्या दुसऱ्या विद्यापीठांत दाखला म्हणून फिरेल.

आयोगाचा तक्ता आपल्या हातात नाही, पण पुरस्काराचे निकष आपलेच आहेत. उमेदवाराने स्वतः निवडलेले एकच काम समितीने वाचावे आणि ते का निवडले याचा लेखी अभिप्राय नावानिशी प्रसिद्ध करावा. सूची, संपादन, अनुवाद आणि स्वतःच्या जुन्या लेखनाची जाहीर दुरुस्ती, ही सगळी कामे त्यात धरावीत. पीएच.डी.च्या खुल्या मौखिक परीक्षेची सूचना आठ दिवस आधी सर्व संलग्न महाविद्यालयांना पाठवावी आणि प्रबंधाची प्रत तेवढे दिवस ग्रंथालयात वाचायला ठेवावी, म्हणजे प्रश्न विचारायला माणसे येतील.

मोडीचा वर्ग पुन्हा सुरू करावा आणि आजोबांचे थांबलेले मानधन द्यावे. पदवी नसलेल्या जाणकाराला, काम पाहून, अभ्यागत म्हणून नेमण्याची तरतूद विद्या परिषदेकडून करून घ्यावी.

तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांना ग्रंथालय आणि हस्तलिखित विभाग वर्षभर, सुट्टीतही, वापरता यावा. याला एका परिपत्रकापलीकडे खर्च नाही.

या मागण्यांतली कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, याचे उत्तर आपण लेखी आणि जाहीर द्यावे ही विनंती. परिषदेतल्या कुणाही सदस्याला ती कार्डे पाहायची असतील तर मी कुठल्याही रविवारी येऊन दाखवीन; ‘धरीं–घरीं’चे कार्ड तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात आहे. तळघराचे काम पावसाच्या आधी सुरू करायचे ठरले आहे असे ऐकते, तेव्हा उत्तर त्याआधी यावे.

आपली विश्वासू,
आपल्याच विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी आणि संलग्न महाविद्यालयातील मराठीची प्राध्यापिका
(नाव व पत्ता कार्यालयात दिलेल्या प्रतीवर आहे.)